जुन्या पद्मिनीला नवा गिअरबॉक्स : गाडी उचलण्याआधी समजून घेण्याच्या गोष्टी

सुरतेतल्या आपल्या काही मराठी घरांच्या दारात अजून एखादी प्रीमियर पद्मिनी उभी असते. बहुतेकांच्या तोंडी ती ‘फियाट’च. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली, मुंबईहून वा खानदेशातून इथे आलेली. इंजिन अजून एका चावीत सुरू होतं. पण पहिला गिअर पडताना कर्रकन आवाज होतो, चढावर क्लचचा वास येतो आणि घरातली तरुण मंडळी तिला हात लावायला तयार नसतात. मग कुणीतरी सुचवतं : ‘अहो, नव्या गाडीचा गिअरबॉक्स टाका, मोठा क्लच टाका, मोटारीसारखी मोटार होईल.’

सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धा आहे. गिअरबॉक्स बदलणं म्हणजे एक डबा काढून दुसरा बसवणं नव्हे. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंतची सगळी साखळी पुन्हा जुळवावी लागते. ज्यांच्या मनात हा विचार घोळत असेल, त्यांनी पैसे मोजण्याआधी काय तपासावं, हे आम्ही इथे क्रमाने मांडत आहोत.

हे काम कंपन्यांनीही केलं आहे

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. वालचंदजी सोलापूरचे, घराणं मूळ गुजराती; म्हणजे आपल्या सुरतकर मराठी माणसाला दोन्ही बाजूंनी जवळचे. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, साधारण ४० अश्वशक्ती, चार गिअर आणि गिअरची दांडी स्टिअरिंगला. या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोमेश होतं, पहिल्याला नव्हतं. म्हणूनच गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकू नये, अशी तंबी त्या काळी शिकणाऱ्या प्रत्येकाला मिळायची.

१९८५ मध्ये याच कंपनीने ११८ एनई काढली. तिची बॉडी फियाट १२४ च्या घडणीची, पण इंजिन ११७१ सीसीचं निस्सानचं आणि गिअरबॉक्सही निस्सानचाच. नावातलं ‘एनई’ म्हणजे निस्सान इंजिन. पुढे पद्मिनीच्या शेवटच्या काळात तिलाही वेगवेगळ्या सीटा आणि खाली जमिनीवरचा गिअर मिळाला. तिकडे हिंदुस्तान मोटर्सने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲम्बेसेडरच्या जुन्या अंगात इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअरांचा बॉक्स घातला. जुन्या गाडीला नवा गिअरबॉक्स हा प्रकार आपल्या रस्त्यांवर तेव्हापासून रुळलेला आहे. फरक इतकाच, की कंपनीकडे नकाशे आणि साचे होते. आपल्याकडे मिस्त्री, लेथ आणि मोजपट्टी आहे.

आधी रोग ओळखा

गिअर कुरकुरतो म्हणजे गिअरबॉक्स गेला, असं नसतं. पुष्कळदा दोष क्लचचा किंवा नुसत्या जोडण्यांचा निघतो. घरच्या घरी पुढच्या गोष्टी पाहता येतात.

- चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०–५० किलोमीटरवर ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने पुढे सरकली नाही, तर क्लच घसरतोय.
- गाडी उभी असताना क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खर्रकन आवाज आला, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी पेडलची मोकळीक आणि जोडणी पाहावी.
- गाडी न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवर नाही आणि घरघर ऐकू येते. क्लच दाबताच ती थांबते. हे बहुधा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग असतं.
- उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग.
- उतारावर पाय उचलला की गिअर आपोआप निसटतो, किंवा गाडी चालू असताना दुसरा-तिसरा गिअर रोज कुरकुरतो, तर गिअरबॉक्सच्या आतली झीज आहे.
- दांडी हातात भाताच्या पळीसारखी ढिली हलते, गिअर शोधावे लागतात. अशा वेळी स्टिअरिंगच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या सळ्या आणि बुश तपासा. हे काम थोडक्यात होतं.

यातले शेवटचे आणि क्लचचे दोष निघाले, तर गिअरबॉक्स बदलण्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा. नवी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, बुश आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासून सपाट करणं, एवढ्यावर गाडी पुष्कळदा पुन्हा माणसात येते. आतले दातेच झिजले असतील आणि जुने सुटे भाग मिळत नसतील, तर पुढचं वाचा.

नव्या गिअरबॉक्सने नेमकं काय मिळतं?

पहिली गोष्ट म्हणजे सिंक्रोमेश. दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरणारे भाग एकमेकांत अडकवण्याआधी त्यांचा वेग सारखा करावा लागतो. सिंक्रोमेशमध्ये पितळेची एक कडी शंकूसारख्या भागावर घासते आणि हे काम करते. अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत ही सोय १९२८ मध्ये आली. ती नसते तिथे चालकाला ‘डबल क्लच’ करावा लागतो : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून किंचित ॲक्सिलरेटर, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. सहारा दरवाजाच्या गर्दीत हे दर दोन मिनिटांनी कोण करणार? पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश असलेला बॉक्स मिळाला, तर शहरात गाडी चालवण्याचा ताण खरोखर कमी होतो. घरातल्या सुनेने, मुलीने किंवा नातवाने गाडी हाती घ्यावी असं वाटत असेल, तर हाच मोठा लाभ.

दुसरी गोष्ट पाचवा गिअर. हिशेब असा : मागच्या ॲक्सलचं प्रमाण ४.३ धरू आणि चाक एका फेरीत १.८५ मीटर जातं असं धरू. ताशी ८० किलोमीटरला चाकाच्या मिनिटाला साधारण ७२० फेऱ्या होतात. चौथा गिअर सरळ, म्हणजे १ ला १ असेल, तर इंजिनाच्या फेऱ्या सुमारे ३१००. पाचव्या गिअरचं प्रमाण ०.८५ असेल, तर त्याच वेगाला सुमारे २६३५. इंजिन शांत चालतं, कमी तापतं.

पण इथेच एक मेख आहे. फेऱ्या कमी झाल्या की ओढही कमी होते. सुरतेहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत धुळ्याकडे जाताना विसरवाडीनंतर कोंडाईबारीचा घाट लागतो. पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन ४० अश्वशक्तीची गाडी त्या चढावर पाचव्यात दम टाकणार, चौथ्यातही कुरकुरणार. पाचवा गिअर सपाट हायवेसाठी आहे. घाटासाठी खालच्या गिअरांची प्रमाणं महत्त्वाची. जास्त ताकदीच्या गाडीतून आणलेल्या बॉक्सचा पहिला गिअर पुष्कळदा ‘लांब’ असतो. तो आपल्या इंजिनाला लावला, तर सापुताऱ्याच्या वळणावर गाडी उचलताना क्लच अर्धा दाबून ठेवावा लागेल आणि जो क्लच वाचवायला निघालो तोच जळेल. म्हणून बॉक्स विकत घेण्याआधी किती गिअर आहेत यापेक्षा पहिल्या आणि दुसऱ्या गिअरचं प्रमाण विचारा. विकणाऱ्याला माहीत नसेल, तर पुढचा शाफ्ट हाताने फिरवून मागचा शाफ्ट एक फेरी घेईपर्यंत पुढच्याच्या किती फेऱ्या झाल्या ते मोजा. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

काय काय जुळावं लागतं?

पद्मिनीसाठी सर्वांत सरळ मार्ग म्हणजे शेवटच्या काळातल्या, जमिनीवर गिअर असलेल्या पद्मिनीचाच बॉक्स, त्याच्या क्लचसह आणि आधाराच्या पट्टीसह मिळवणं. ११८ एनईचा बॉक्सही लोक बसवतात, पण तो निस्सानच्या इंजिनाला जोडण्यासाठी बनलेला आहे, म्हणून जुळवाजुळव वाढते. बॉक्स कोणताही असो, पुढचे सांधे एकेक करून तपासावेत.

बेल हाउसिंग. इंजिनाला चिकटणारा हा घंटेसारखा भाग. बोल्टची भोकं जुळली नाहीत, तर मध्ये जाड पट्टी कातून घालावी लागते. पट्टीत भोकं पाडणं सोपं आहे. अवघड आहे ते मध्य साधणं. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एकाच रेषेत हवेत. साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. नुसत्या बोल्टवर भिस्त न ठेवता जागा पक्की करणाऱ्या डॉवेल पिना हव्यातच. हा फरक डायल गेजने मोजून घ्या. उधन्याच्या उद्योगनगरासारख्या भागात यंत्रांचे भाग कातणारे चांगले टर्नर आपल्या शहरात आहेत. त्यांना हे मोजमाप नवं नाही. ‘नजरेनं बसवलं, मस्त बसलं’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. रेष चुकलेला बॉक्स पहिले काही महिने चालतो आणि मग बेअरिंग व क्लच प्लेट दोन्ही खातो.

शाफ्टचं टोक. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या बुशमध्ये किंवा बेअरिंगमध्ये टेकतं. जाडी वेगळी असेल, तर नवा बुश कातावा लागतो. मध्ये पट्टी घातली की बॉक्स तेवढा मागे सरकतो. मग हे टोक बुशपर्यंत पोचतं का, हे आधी पाहावं.

क्लच प्लेट. प्लेटच्या मधले दाते नव्या बॉक्सच्या शाफ्टशी जुळले पाहिजेत आणि प्रेशर प्लेट आपल्या फ्लायव्हीलवर बसली पाहिजे. एक सोयरीक इकडची, एक तिकडची. म्हणून प्लेट आणि प्रेशर प्लेट घेताना शाफ्ट आणि फ्लायव्हील दोन्हींची मापं दुकानात न्यावीत.

स्टार्टर. त्याचा दाता फ्लायव्हीलच्या कड्यात नीट शिरतो ना, हे गिअरबॉक्स चढवण्याआधी तपासा. नंतर कळलं, तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

मागचा आधार आणि प्रोपेलर शाफ्ट. नव्या बॉक्सची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापावा किंवा वाढवावा लागतो. कापलेला शाफ्ट मशीनवर बॅलन्स करून घेतल्याशिवाय गाडीला लावू नये. दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत हवेत आणि त्यांचे कोन एकमेकांशी मिळते हवेत. नाही तर ठरावीक वेगाला गाडीच्या तळातून घूं घूं येतं आणि ते कुठून येतंय ते कुणालाच सापडत नाही.

स्पीडोमीटर. त्याचा लहान गिअर बॉक्समध्येच असतो. तो बदलला की काटा खोटं बोलू लागतो. हायवेवर किलोमीटरचे दगड पाहून वेळ मोजा : काटा ताशी ६० दाखवत असेल, तर एक किलोमीटरला बरोबर ६० सेकंद लागायला हवेत.

दांडीची जागा. गिअर खाली आला की पुढच्या सलग सीटच्या मध्ये बसणाऱ्या लेकराची जागा जाते. काही घरांना हे फार लागतं. आधीच सांगितलेलं बरं. दांडीसाठी तळाचा पत्रा कापावा लागत असेल, तर तेवढाच आणि सरळ कापावा, आणि तुकडा जपून ठेवावा.

क्लच मोठा म्हणजे चांगलाच का?

क्लच किती जोर पेलतो, हे चार गोष्टींवर ठरतं : अस्तराचं घर्षण, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या दोन बाजू. चारींचा गुणाकार करायचा. उदाहरणादाखल घर्षण ०.३, दाब ३०० किलो, त्रिज्या ०.०७६ मीटर आणि बाजू २ धरल्या, तर उत्तर येतं सुमारे १३.७ किलोग्रॅम-मीटर. पद्मिनीच्या इंजिनाचा पीळ ७ ते ८ च्या घरात. म्हणजे शाबूत क्लचकडे जवळजवळ पावणेदोन पट राखीव ताकद असते. याचाच अर्थ, इंजिन मूळचंच ठेवलं असेल, तर घसरणाऱ्या क्लचवर उपाय ‘मोठा’ क्लच नसून ‘चांगला’ क्लच आहे. प्लेट झिजली का, तेल सीलमधून गळून अस्तरावर आलं का, पेडलची मोकळीक संपली का, हे बघायचं.

इंजिनही बदललं असेल किंवा गाडी नेहमी भरून घाटात जात असेल, तर थोडी वाढ करावी. ती करताना त्रिज्या वाढवणं हा भला मार्ग. १८० मिलिमीटरची प्लेट २०० ची केली, तर तेवढ्याच दाबात साधारण ८–९ टक्के जोर वाढतो आणि पायाला कळतही नाही. दाब वाढवला तर जोर लगेच वाढतो, पण पेडल जड होतं. गुडघेदुखीच्या वयात रिंग रोडच्या गर्दीत ते सोसत नाही. तांब्या-पितळेच्या मिश्रणाची कडक अस्तरं शर्यतीच्या गाड्यांसाठी ठीक. घरच्या गाडीत ती झटका देऊन पकडतात.

आणखी एक गोष्ट मिस्त्री सहसा सांगत नाहीत. क्लच हा साखळीतला समजूतदार दुवा आहे. जास्त जोर आला की तो घसरतो आणि पुढच्यांना वाचवतो. त्याला फार ताकदवान केलं, तर तो घसरणार नाही. मग तुटेल तो क्रॉस, नाही तर मागचा ॲक्सल. चाळीस वर्षांपूर्वीचा ॲक्सल ४० अश्वशक्तीसाठी बनला होता, हे विसरू नये.

गॅरेजमध्ये लक्ष ठेवण्याच्या गोष्टी

जुन्या क्लच प्लेटच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, असं धरूनच चालावं. बेल हाउसिंग उघडल्यावर आतली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. तसं करू देऊ नका. भुकटी पाण्याने भिजवून फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली, तर तिचा त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. हे मिस्त्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरासाठी जास्त महत्त्वाचं आहे.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कुणीही खाली शिरू नये. चार पक्के स्टँड हवेत. बॉक्स छातीवर तोलत चढवण्याऐवजी गिअरबॉक्सचा जॅक वापरावा. बॉक्स चढताना त्याचं वजन शाफ्टवर लटकू दिलं, तर नवी क्लच प्लेट मध्येच वाकते. प्लेट मध्यावर बसवायला जुन्या शाफ्टचा तुकडा किंवा लाकडाची कातलेली दांडी चालते.

तेलाच्या बाबतीत बॉक्स ज्या गाडीचा, त्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच तेल घालावं. पितळेच्या कड्या असलेल्या जुन्या बॉक्सना साधारणपणे जीएल-४ प्रतीचं तेल सोसतं. जीएल-५ च्या काही तेलांतली गंधकाची द्रव्यं पितळ खातात. मागच्या ॲक्सलचं तेल वेगळं, बॉक्सचं वेगळं.

नवा क्लच पहिले ५०० किलोमीटर शहरातच, सौम्यपणे चालवावा. पहिल्याच आठवड्यात कोंडाईबारी नको.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत कडक भूमिका घेतली. नोंदणीपुस्तकात इंजिन आणि चॅसीचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी हवी. नुसता गिअरबॉक्स बदलताना तो प्रश्न तसा येत नाही. पण तळाचा पत्रा कापायचा असेल, तर सुरत आरटीओमध्ये आधी विचारून घ्यावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं.

ज्यांची गाडी अजून महाराष्ट्राच्या क्रमांकावर आहे, त्यांनी लक्षात घ्यावं : दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक गाडी ठेवली, तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र लागतं. हे काम गाडी मूळ स्थितीत असतानाच उरकलेलं सोपं.

आणि एक मोठा प्रश्न पन्नाशी गाठलेल्या गाड्यांचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. मात्र चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी हे वय २०२४ मध्ये गाठलं. तेव्हा घरात आधी ठरवा : गाडी रोज चालवायची आहे की जपून ठेवायची आहे?

आमचं मत

मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. म्हणजे आता या गाड्या घरांतच उरल्या आहेत, आणि भंगारात गेलेली परत येणार नाही. बंद पडून गंजणाऱ्या मूळ गाडीपेक्षा गिअरबॉक्स बदलून चालती राहिलेली गाडी बरी, असं आम्हाला वाटतं. पण बदल असा करावा की परतता यावं. पत्रा कमीत कमी कापा. जुनी चॅसी आणि जुना ॲक्सल यांना हात लावू नका. काढलेला गिअरबॉक्स भंगारवाल्याला देऊ नका. तेल भरून, तोंडं बंद करून, ग्रीस लावलेल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सोबत एका वहीत लिहून ठेवा : कोणता बॉक्स कोणत्या गाडीचा, क्लच प्लेटचं माप, दात्यांची संख्या, कातलेल्या बुशाचं माप, शाफ्ट किती कापला, तेल कोणतं. पुढच्या दुरुस्तीला मिस्त्री दुसरा असेल आणि कदाचित गाडीचा मालकही घरातला पुढचा कुणी असेल. त्याला गाडी उघडण्याआधी ही वही वाचायला मिळाली पाहिजे.